अबोल्याचं माप

कामावर तिला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. कॅन्टीनमधल्या पंख्याचं बेअरिंग आता जाणार, हे ती तो पंखा बंद पडायच्या कितीतरी आधी सांगायची, आणि पंखा खरंच बंद पडला की मंडळी तिच्याकडेच संशयानं बघायची.

तिचं काम सांगायला सोपं होतं. नवा स्मार्टफोन बाजारात यायच्या आधी त्याच्या पोटातला माइक आवाज किती खरा टिपतो, ते मोजायचं. त्यासाठी इमारतीच्या तळघरात एक खोली होती. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळीकडे फोमचे सुळके. पायाखाली जाळी, आणि जाळीखालीही फोमच. आत शिरून काही बोललं तर आपलाच आवाज ओठांपुढे वीतभर जाऊन विरून जायचा. तिला मुकी खोली म्हणत. खोलीच्या मधोमध, उंच स्टुलावर, एक प्लास्टिकचं डोकं होतं आणि त्याच्या तोंडात स्पीकर. त्याचं नाव मामा. तीच ती वाक्यं, त्याच आवाजात, समोरचा ऐकतोय की नाही याची पर्वा न करता मामा वर्षानुवर्षं बोलत आला होता. असा एक मामा बहुतेक घरांत असतो, म्हणून ते नाव.

मामाच्या ओठांसमोर एक बारीक, महागडा माइक असे. तो मास्तर. मास्तर जे ऐकेल ते प्रमाण. पण मास्तरवरही आंधळा विश्वास नाही. रोज सकाळी त्याच्या नाकावर एक छोटी डबी बसवायची. डबीतून एकच ठरलेला सूर, ठरलेल्याच जोरात निघायचा. मास्तरनं नेमका तेवढाच आकडा दाखवला, की त्या दिवसापुरता तो खरा. मग मामाच्या गालाशी फोन बांधायचा आणि मामाला बोलायला लावायचं. पडद्यावर दोन रेषा धावायच्या, मास्तरनं ऐकलेली हिरवी आणि फोननं ऐकलेली लाल. लाल रेष हिरवीच्या जितकी जवळून चालेल तितका फोन गुणी. खालचे घुमणारे सूर फोनला जरा कमीच ऐकू येतात आणि वरचे काही सूर तो तिखटमीठ लावून सांगतो, पण एवढं तर माणसांचंही असतं, असं ती म्हणायची.

शेवटची परीक्षा गोंगाटाची. खोलीच्या कोपऱ्यांतून 'शूं' असा एकसारखा आवाज सोडायचा आणि फोन तो दाबतो का ते बघायचं. चांगला फोन क्षणभर ऐकायचा, हा आवाज बिनकामाचा आहे असं आपल्या मनाशी ठरवायचा, आणि लाल रेष तळाशी जाऊन बसायची. ही परीक्षा तिची लाडकी. ती रेष खाली बसताना बघितली की कुणीतरी घरातला पसारा आवरून ठेवल्यासारखं तिला वाटायचं. मग ती मोठ्यांदा 'पास' म्हणायची आणि चहाला जायची.

तिचे बाबा शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे एक लाकडी जिना. लहानपणी ती त्या जिन्यावर बसून अभ्यास करायची आणि मशीनच्या नुसत्या आवाजावरून, "बाबा, बॉबिन संपत आली," असं वरूनच ओरडायची. कान तिला तिथेच मिळाला. बाबांचं बोलणं मात्र फारसं ऐकायला मिळालं नाही, कारण त्यांच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांच्या कडेला टाचण्यांची रांग धरून ते दिवसभर काम करत आणि गिऱ्हाइकाला, बायकोला, मुलीला एकच उत्तर देत, "हं." या हंमध्ये होकार, नकार, राग, कौतुक, जेवायला वाढा, सगळं मावायचं. आई होती तोवर भाषांतराचं काम तिच्याकडे होतं. आई गेल्यावर ते मुलीकडे आलं.

या हंला एकच माणूस वैतागायचं. आत्या. बाबांची मोठी बहीण. लहानपणी गालगुंड झालं त्यात आत्याचा एक कान कायमचा गेला होता. दुसरा शाबूत होता, पण एका कानावर सगळी भिस्त नको म्हणून ती बोलणाऱ्याचे ओठ बघायची. समोरच्यानं तोंडावर हात धरला तरी तिची चिडचिड व्हायची, तर इथे सख्खा भाऊ ओठ मिटून टाचण्या चावत बसलेला. "आधी टाचण्या काढ तोंडातल्या, मग बोल," हे वाक्य आत्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की आत्या आली म्हटल्यावर बाबा टाचण्यांची उशी आपसूक हाताशी ओढून घ्यायचे.

भांडण झालं ते आजीच्या मशीनवरून. बाबा शिवायला शिकले ते त्या मशीनवर. आजी शेवटी आत्याकडे राहायची, मशीनही तिथेच होतं, आणि आजी गेल्यावर आत्यानं ते बायकांच्या एका शिवणवर्गाला देऊन टाकलं. बाबा पुढच्या खेपेला गेले तर कोपरा रिकामा. "द्यायचं होतं तर मला विचारायचं," एवढं एक वाक्य ते बोलले, पिशवी उचलली आणि परत आले. त्यानंतर अबोला. टाचण्या काय आणि अबोला काय, दोन्ही धरायच्याच गोष्टी, आणि धरायच्या कामात बाबांचा हातखंडा. आत्याही काही कमी नव्हती. ती लांबच्या गावी, हे इथे. वर्षं गेली. दोघांच्या घरांमध्ये बातम्यांची ने-आण करायला ही आणि तिकडून आतेभाऊ, एवढेच उरले.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण जाताना आवाजही घेऊन गेली. उरला तो नुसता वारा. शांत खोलीत समोर बसलं की शब्द सगळे स्वच्छ कळायचे, ओठ, जीभ, दात आपापलं काम चोख करत होते. फक्त त्यामागे घुमणारं काही नव्हतं. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं ते बोलत. हॉस्पिटलात रोज किरणोपचाराला जावं लागे, त्यामुळे गाव सोडायची सोय नव्हती. ती कामावरून फोन करायची तेव्हा बाबा बोलायच्या फंदात पडत नसत. शिवताना बोटात घालायच्या धातूच्या टोपीनं, अंगुस्तानानं, फोनवर टकटक करत. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आयुष्यभर हंवर भागवलेल्या माणसाला ही भाषा चैनीची वाटली असणार.

एका संध्याकाळी ती घरी आली तर दुकानात दिवा होता आणि मशीन बंद. बाबा मशीनवर दोन्ही हात ठेवून बसले होते. तोंडात एकही टाचणी नव्हती.

"ताईचा फोन आला होता," ते म्हणाले.

ती स्टूल ओढून बसली. "आत्याचा? मग?"

"मी बोललो. सगळं बोललो. तिनं ऐकून घेतलंच नाही. ठेवून दिला."

बाबांना बोलता येत नाही म्हणून तिनेच त्यांच्या फोनवर येणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय करून ठेवली होती, म्हणजे गिऱ्हाइकं काय म्हणाली ते तिला नंतर ऐकता येईल. तिनं तो कॉल लावला. आत्याचा आवाज आला, नेहमीसारखाच वरच्या पट्टीतला, पण मधेच अडखळणारा.

"मी बोलतेय. ऐक, फोन ठेवू नकोस. माझ्या चांगल्या कानामागे गाठ निघालीय. पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल पण कान राहणार नाही. म्हणजे मग काहीच नाही ऐकू येणार. म्हटलं, त्याआधी तुझा आवाज ऐकावा. काहीही बोल. शिव्या दे हवं तर."

पुढे शांतता. लांबलचक. एकदा कुठेतरी खुट्ट झालं, एकदा अर्धवट कसलीशी फुंकर. मग पुन्हा आत्या.

"अजून अबोला नाही ना सोडायचा? बरं."

तिनं ते पुन्हा लावलं. पुन्हा तेच. खरं सांगायचं तर तिला रागच आला. बाईनं सगळा मानापमान गिळून फोन केला आणि हा माणूस तोंड उघडत नाही.

"बाबा, यात तुम्ही बोललाच नाहीत."

"बोललो."

"कुठे बोललात? एक शब्द नाही यात."

"बोललो म्हणतो ना."

"फोन कशाला खोटं बोलेल, बाबा? हा फोन मीच तपासलाय. मी पास केलाय."

 बाबांनी उशीतून एक टाचणी काढून ओठात धरली, मग दुसरी, मग तिसरी, आणि मशीन सुरू केलं. त्या दिवसापासून घरात हंसुद्धा बंद झालं. अबोला काय असतो ते तिनं आजवर लांबून बघितलं होतं, आता ताटाला ताट लावून जेवताना बघितलं.

तिनं आत्याकडे फोन लावला. आतेभावानं उचलला. "आई येत नाही म्हणते फोनवर."

"दादा, तिला सांग, मी बाबांना व्हिडिओवर समोर बसवते. नुसतं बघू दे तिला."

पलीकडून आत्याचाच आवाज आला, "मला त्याला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. झालं माझं ऐकून."

दुसऱ्या दिवशी मुक्या खोलीत एका नव्या फोनची पाळी होती. सकाळी मास्तरची परीक्षा झाली, मामाची वाक्यं झाली, लाल रेष हिरवीच्या मागोमाग शहाण्यासारखी चालली. शेवटी तिनं कोपऱ्यांतला 'शूं' सोडला. हिरवी रेष वर चढली आणि तिथेच राहिली. लाल रेष एकदा उचलली, क्षणभर घुटमळली आणि खाली, अगदी तळाशी जाऊन बसली. 'पास' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

कारण तो 'शूं' तिच्या ओळखीचा होता. घरात हा अबोला सुरू होईपर्यंत रोज जेवताना ती तो ऐकत होती. पाणी दे, मीठ कमी आहे, दार लाव, सगळं त्याच वाऱ्यात यायचं. बाबांच्या फोननंही तेवढाच घुटमळून विचार केला होता, हा बिनकामाचा आवाज आहे, आणि पुसून टाकला होता. रेकॉर्डिंगमधली ती अर्धवट फुंकर म्हणजे बाबांचं पहिलं अक्षर होतं. पुढचं सगळं फोनच्या हिशेबी गोंगाट. आणि अशा फोनला शाबासकी देऊन ती इतकी वर्षं चहाला जात होती.

ती साहेबांच्या टेबलाशी गेली. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, वयानं तिच्याहून लहान, आणि मुक्या खोलीला मनातून घाबरणारे.

"साहेब, उद्या मामाच्या जागी माझ्या बाबांना बसवायचंय."

"आत? जिवंत माणसाला?" साहेब म्हणाले. "मी स्वतः आत दोन मिनिटं टिकत नाही. कानात रक्त वाहताना ऐकू येतं."

तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आणा. फोनची आवाजसफाई बंद करायची चावी माझ्याकडे आहे, मी थांबतो."

बाबांना आणणं सोपं नव्हतं. ती बोलत होती आणि समोर टाचण्या होत्या. शेवटी तिनं विनवण्या सोडल्या आणि म्हणाली, "बाबा, मी चुकले की तुम्ही, ते मोजून बघू. मी चुकले असेन तर तोंडावर सांगेन." हॉस्पिटलातलं उरकून बाबा तिच्याबरोबर निमूट आले. आत शिरल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर फोमचा एक सुळका चिमटीत धरून तो शिवलाय की चिकटवलाय ते बघितलं. चिकटवलेला निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर यायचा तो भाव आलाच.

मामाला बाजूला करून बाबांना बसवलं. समोर मास्तर, गालाशी त्यांचाच फोन. दार लागलं. ती बाहेर पडद्यापाशी बसली. "काहीही बोला," ती त्यांना आतल्या स्पीकरवरून म्हणाली. "मापं सांगा कुणाची तरी."

"छाती. कंबर. बाही. काज. बटण," बाबा म्हणाले.

हिरवी रेष प्रत्येक शब्दाला उडत होती. छातीला वेगळी, कंबरेला वेगळी. आणि लाल रेष? पहिल्या अक्षराला जराशी हलली आणि तळाशी जाऊन झोपली. बाबा बोलत राहिले, ती झोपून राहिली. साहेबांनी आपली चावी फिरवली. पुढच्या "काज"ला लाल रेष ताडकन उठली आणि हिरवीला जाऊन भिडली. माइकनं पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. त्याचा कान चांगलाच होता. मधल्या सफाईवाल्यानं, केर समजून, शब्द बाहेर टाकले होते.

 ती उठून आत गेली.

"बाबा, तुम्ही बोलला होतात," ती म्हणाली. "मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. मी फोनवर ठेवला. चुकलंच माझं." मुक्या खोलीत तिचा आवाज वीतभर पुढे गेला आणि विरला, पण बाबा तेवढ्यातच बसले होते.

"हं," बाबा म्हणाले. हे हं कुठलं ते तिला कळलं.

मग तिनं विचारलं, "आत्याला जे बोललात ते पुन्हा बोलाल? मास्तरपुढे? ते जसंच्या तसं तिच्या कानापर्यंत पोचवते मी."

 बाबांनी खिशातून रुमाल काढून ओठ पुसले. मग मान डोलावली. ती बाहेर आली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. साहेबांनी भुवया उंचावल्या, तेव्हा ती म्हणाली, "ते माझ्यासाठी नाहीये." दोघं नुसती हिरव्या रेषेकडे बघत बसली. रेष उडत होती, थांबत होती, पुन्हा उडत होती. एकदा बराच वेळ सपाट राहिली, तेव्हा साहेबांनी घसा खाकरला. मग ती पुन्हा हलली. आयुष्यात बाबा एका बैठकीत एवढं बोललेले तिनं पाहिले नव्हते, आणि पाहिलं तेही असं, आवाजाशिवाय.

रेकॉर्डिंग आतेभावाकडे गेलं. त्यानं आधी कुरकुर केली की आई आता काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. "तिला विचारूच नकोस," ती म्हणाली. "चांगल्या कानाला हेडफोन लाव आणि बाजूला हो."

उत्तर यायला दुपार उलटली. फोन आत्याचाच होता, आणि आवाज चिरकलेला.

"ऐकलं," आत्या म्हणाली. "दोनदा ऐकलं. काय गं हा आवाज झालाय त्याचा. मला कुणी काही सांगितलं नाहीत."

"तूच विचारलं नाहीस, आत्या. ऑपरेशन झालं एवढं दादाला सांगितलं होतं मी."

"हो, तेही खरंच." आत्या म्हणाली. "त्याला सांग, मशीन दिलं ते चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर हा हं म्हणाला असता, आणि त्याच्या हंचा अर्थ मला कधी कळलाय?"

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि अंगुस्तानानं फोनवर एकदाच टक केलं. ते पलीकडे नीट पोचलं. टकटकीला फोन कधी गोंगाट म्हणत नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कानही गेला. आतेभावानं कळवलं की आत न्यायच्या आधी हेडफोन तिच्या कानातून नर्सनं काढून घेतले, ती देत नव्हती.

नंतर एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन बाबांसमोर धरला. बाबा कोटाची बाही टाचत होते. पडद्यावर डोक्याला पांढरं बँडेज बांधलेली आत्या पलंगावर टेकून बसली होती. कित्येक वर्षांनी दोघांनी एकमेकांना बघितलं, आणि दोघंही म्हातारी झालेली होती. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आत्या अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी बोलली.

"आधी टाचण्या काढ तोंडातल्या. मला दिसत नाही तू काय बोलतोस ते."

बाबांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. ओठ मोकळे केले आणि बोलायला लागले. सावकाश, एकेका शब्दाला ओठांनी पूर्ण आकार देत, बहिणीला ओठ वाचता यावेत म्हणून लहानपणी बोलायचे तसं. फोन मधे होताच. त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे सगळं केरात काढलं, पलीकडे काहीही गेलं नाही. आत्या डोळे न हलवता भावाच्या ओठांकडे बघत होती आणि मधेमधे मान हलवत होती.

तिच्या मागून एक नर्स पुढे आली. पडद्यात डोकावून तिनं आत्याच्या खांद्याला हात लावला आणि हातानं खूण करत म्हणाली, "आजी, फोन बंद पडलाय वाटतं. पलीकडून काहीच आवाज येत नाहीये."

आत्यानं तिच्या ओठांकडे ओझरतं पाहिलं आणि तिचा हात बाजूला केला.

"गप गं," ती म्हणाली. "बोलतोय तो."